अनुभवी इलेक्ट्रिशियनला फास्ट ट्रॅक द्या, पण टेस्टिंगला कात्री लावू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

अनुभवी इलेक्ट्रिशियन लोकांना कमी दिवसात पात्रता मिळवून देणारे जे फास्ट ट्रॅक कोर्स निघालेत त्यांच्या जाहिराती बघतो, त्यावर लोकांची मतं ऐकतो, म्हणून हे पत्र लिहितोय. मी १७ व्या वर्षी हेल्पर म्हणून लागलो आणि पुढची २६ वर्षं माझ्याकडे कसलाच कागद नव्हता, मग ४३ व्या वर्षी असाच एक कोर्स करून परीक्षा दिली आणि पात्र झालो. त्यामुळे कागद नसतानाचे दिवस पण बघितलेत आणि असतानाचे पण. पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण टेस्टिंगचा भाग तेवढा ठेवा.

मतं दोन प्रकारची ऐकू येतात. काहीजण म्हणतात ज्याचा हात २० वर्षं बसलाय त्याला कागद कशाला, तो आता नवीन काय शिकणार. आणि काहीजण म्हणतात फास्ट ट्रॅक म्हणजे फी भरा आणि सर्टिफिकेट न्या, मग ज्या पोरांनी तीन-चार वर्षं रीतसर शिकून परीक्षा दिली त्यांनी काय करायचं. मला दोन्ही पटत नाही. अनुभवी माणसाला जे येतं ते परत शिकवण्यात त्याचे दिवस घालवू नका, पण त्याला जे येत नाही त्यातला एक तासही कमी करू नका आणि परीक्षा पूर्ण घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि काय येत नाही हे शोधायला फार लांब जावं लागत नाही, माझ्यासारख्या साइटवर शिकलेल्या बहुतेकांचं ते एकच असतं. आम्हाला मोजता येत नाही.

हे असं का होतं ते सांगतो. साइटवर शिकणारा पोरगा आधी भिंत फोडतो, मग कंड्युट म्हणजे वायरचा पाइप टाकतो, वायर ओढतो, मग उस्ताद जे करतो ते बघून बघून बोर्ड भरायला लागतो, असं करत करत पाच-सहा वर्षांत तो एकटा घर उभं करू शकतो. फॉल्ट शोधण्यात तर असा माणूस भल्याभल्यांना ऐकत नाही, जळका वास कुठून येतोय, एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, हाताला किती गरम लागतोय, टर्मिनलवर तडतड आवाज आहे का, यावरून तो बरोबर जागेवर जातो. हे शिक्षण खोटं नाही आणि वर्गात बसून ते येतही नाही. पण उस्तादाने कधी मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, काढलेला त्याने बघितलेलाच नसतो. मेन ऑन केला, दिवे लागले, पंखा फिरला, काम झालं, पैसे मिळाले, पुढची साइट. टेस्टिंगचे दोन तास कोणी मागत नाही आणि त्याचे पैसे पण कोणी देत नाही, म्हणून ते शिकायचं राहतं ते राहतंच. आणि वायरिंगची गंमत अशी नाही की चूक असेल तर दिवा लागणार नाही. अर्थिंगची वायर मधेच तुटलेली असली तरी दिवा लागतो. फेज-न्यूट्रल उलटे असले तरी लागतो. सगळं चालू दिसतं, आणि ज्या दिवशी मशीनच्या बॉडीला फेज लागतो त्या दिवशी कळतं.

माझ्या कोर्सचा पहिला दिवस मी विसरणार नाही. आमच्या परीक्षकांनी एक बोर्ड दाखवला आणि म्हणाले हा सर्किट काम करण्यासाठी सुरक्षित करून द्या. मी एमसीबी खाली पाडला, खिशातला टेस्टर लावला, पेटला नाही, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. त्यांनी तिथेच थांबवलं. म्हणाले तुमचा टेस्टर आत्ता चालू आहे हे तुम्हाला कसं माहीत? माझ्याकडे उत्तर नव्हतं. २६ वर्षं मी ज्या टेस्टरच्या भरवशावर तारांना हात लावत होतो तो कधी तपासून घेतलाच नव्हता. रीत अशी आहे की आधी दोन टोकांचा टेस्टर चालू सप्लायवर लावून बघायचा, मग ज्या सर्किटवर काम करायचंय तिथे बघायचा, फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ असं सगळं, आणि मग परत चालू सप्लायवर बघायचा म्हणजे मधल्या वेळात टेस्टरच बिघडला नाही याची खात्री होते. आणि एमसीबी नुसता खाली पाडून चालत नाही, त्याला लॉक लावायचं, वर पाटी लावायची आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, कारण आपण आतल्या खोलीत तार सोलत असताना बाहेर कोणीतरी लाइट गेली म्हणून येऊन तो वर करतोच. हे करायला फार तर पाच-दहा मिनिटं लागतात. मी हे आधी शिकलो असतो तर निदान दोन वेळा जे मला झटके बसले ते बसले नसते, आणि एका सहकाऱ्याला जे झालं त्याबद्दल इथे लिहवत नाही.

दुसरी गोष्ट एमसीबीची. अनुभवी माणूस इथेच चुकतो कारण त्याला वाटतं हे तर आपल्याला येतं. पंप चालू करताना एमसीबी पडतोय अशी तक्रार आली की आम्ही काय करायचो, ३२ अँपिअरचा बी टाइप काढायचा आणि ३२ अँपिअरचाच सी टाइप टाकायचा, मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते ते सी टाइप सहन करतो, तक्रार बंद. मी असे किती बदलले त्याचा हिशोब नाही. कोर्समध्ये पहिल्यांदा कोणीतरी त्याचं गणित करायला लावलं. बी टाइप त्याच्या रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला झटक्यात पडतो, सी टाइप ५ ते १० पटीला. म्हणजे बी ३२ झटक्यात पडेल याची खात्री हवी तर १६० अँपिअर पुरतात, सी ३२ ला ३२० लागतात. आता बॉडीला फेज लागला तर एवढा करंट वाहील का हे ठरतं फेजमधून अर्थिंगवाटे परत सप्लायपर्यंतच्या पूर्ण वळशाच्या रेझिस्टन्सवर, ज्याला लूप इम्पीडन्स म्हणतात. २३० व्होल्टला ३२० ने भागलं की ०.७२ ओहम येतात, १६० ने भागलं तर १.४४. म्हणजे नुसता एक एमसीबी बदलला तर अर्थिंगचा रस्ता दुप्पट चांगला असायला हवा, आणि तो आहे की नाही हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

कोर्स झाल्यावर मी मीटर घेऊन अशाच एका जुन्या ठिकाणी परत गेलो, जिथे मी स्वतःच सी टाइप टाकला होता. रीडिंग आलं १.१ ओहम. म्हणजे फॉल्ट झाला तर साधारण २०९ अँपिअर वाहणार. जुना बी टाइप असता तर झटक्यात पडला असता. मी टाकलेला सी टाइप झटक्यात पडेलच असं नाही, तो तापून तापून काही सेकंदांनी पडेल, आणि तेवढे सेकंद पंपाच्या बॉडीवर करंट उभा. त्या लाइनवर आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थिंगकडे गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, तो पण नव्हता. नऊ वर्षं ते तसंच चालू होतं आणि त्या घरात लहान मुलं होती. मी त्याच दिवशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी टाकला, नंतर अर्थिंगची वायर जाड केली आणि परत मोजलं. त्यांनी पैसे विचारले, मी घेतले नाहीत, चूक माझीच होती. पण बाकीच्या ठिकाणी मी अजून पोचलेलो नाही, काही पत्ते आठवतच नाहीत, आणि हे मला रात्री आठवतं.

म्हणून जेव्हा कोणी म्हणतं ना की अनुभव आहे म्हणजे सगळं आलं, तेव्हा मला राग येत नाही, काळजी वाटते. २६ वर्षांत मी बरोबर गोष्टी जितक्या वेळा केल्या तितक्याच वेळा चुकीच्या पण केल्या, आणि दोन्हीचा हात सारखाच बसला.

बरं, जे बरोबर शिकलो ते पण जुनं होतं. थ्री फेजच्या लाइनला न्यूट्रल बारीक चालतो, तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर न्यूट्रलमधून जवळपास काही जात नाही, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं आणि त्याच्या काळात ते खरं होतं. आता सगळीकडे एलइडीचे ड्रायव्हर, कॉम्प्युटर, इन्व्हर्टरवाली मशिनं, यांचा करंट सरळ लाटेसारखा नसतो, त्यात तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ लाटेच्या तिप्पट वेगाची लाट, असतो आणि तो तिन्ही फेजचा न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारण्याऐवजी एकत्र जमा होतो, त्यामुळे न्यूट्रल फेजपेक्षा जास्त तापू शकतो. सोलरचं तसंच. मेन बंद केला तरी उजेड आहे तोपर्यंत पॅनलच्या तारांवर व्होल्टेज असतंच, आणि ते डीसी असतं. एसी ५० हर्ट्झचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते, डीसी शून्यावर येतच नाही, म्हणून लोड चालू असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही, ओढली जाते. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरमधून डीसी लीकेज आलं तर साधा आरसीसीबी आंधळा होऊ शकतो, ६ मिलिअँपिअरच्या वर डीसी गेलं की ए टाइपच्या पण कामावर भरवसा ठेवता येत नाही, मग बी टाइपचा आरसीसीबी तरी लागतो (एमसीबीचा बी टाइप वेगळा) नाहीतर चार्जरमध्येच डीसी ओळखून तोडणारं संरक्षण लागतं. यातलं काहीही साइटवर बघून बघून कळत नाही. आणि आरसीसीबीवर जे टेस्टचं बटण असतं ते दाबून पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं माझ्या ओळखीतले निम्मे लोक अजून समजतात. ते बटण फक्त आतली यंत्रणा चालते का एवढंच बघतं, अर्थिंग पूर्ण तुटलेलं असलं तरी बटणाने तो पडतो.

रंगाचं एक उदाहरण देतो, ब्रिटनचं आहे पण कोणालाही पटेल. तिथे पूर्वी थ्री फेजला लाल, पिवळा, निळा हे फेज आणि काळा न्यूट्रल होता. २००४ साली नवे रंग आले आणि २००६ पासून नव्या कामाला ते सक्तीचे झाले, त्यात तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे जो काळा आयुष्यभर न्यूट्रल म्हणून हाताळला तो आता फेज, आणि निळा फेज होता तो न्यूट्रल. आता ज्याचा हात सगळ्यात जास्त बसलाय त्यालाच इथे सगळ्यात जास्त धोका आहे की नाही ते सांगा.

मग फास्ट ट्रॅक कसा असावा? याची उत्तरं आधीच सापडलेली आहेत. ब्रिटनमध्येच अनुभवी कामगारांसाठी वेगळी मूल्यमापनाची वाट आहे, किमान पाच वर्षं काम केलेलं असावं लागतं, त्यात आधी तुमची माहिती-कौशल्याची झाडाझडती होते, कुठे कमी आहे ते निघतं, मग प्रत्यक्ष साइटवर येऊन तुमचं काम बघितलं जातं, आणि शेवटी एएम२ई नावाची प्रॅक्टिकल परीक्षा असते ती एका दिवसात संपत नाही. त्यात सर्किट सुरक्षित बंद करणं, वायरिंग करणं, टेस्टिंग, आणि मुद्दाम घालून ठेवलेले फॉल्ट शोधणं हे सगळं येतं. जर्मनीत ज्या कामाच्या प्रशिक्षणाला जेवढा काळ लागतो त्याच्या किमान दीडपट काळ तुम्ही ते काम केलेलं असेल तर शाळेत न जाता थेट शेवटच्या परीक्षेला बसता येतं, इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियनचं शिक्षण साडेतीन वर्षांचं आहे म्हणजे सव्वापाच वर्षं झाली. यात बघा, सवलत कशात आहे? वर्गात बसण्याच्या दिवसांत आहे. परीक्षेचा दर्जा दोन्हीकडे कायम आहे.

याउलट दोन-तीन दिवस स्लाइड दाखवायच्या, हजेरी घ्यायची, शेवटी पर्याय निवडायचा पेपर, तो पण मागून उत्तरं सांगत, आणि ग्रुप फोटो काढून सर्टिफिकेट, असेही कोर्स चालतात, माझे दोन मित्र असाच एक करून आले. त्यातल्या एकाला मी विचारलं मेगर लावलास का, तर म्हणाला सरांनी लांबून दाखवला. अहो, मेगर दाखवायची वस्तू आहे का? ५०० व्होल्ट डीसी सोडायचे, साध्या घरगुती सर्किटला किमान १ मेगाओहम यायला पाहिजे, त्याआधी एलइडीचे ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्शन सोडवून ठेवायचं नाहीतर एकतर ते जळतील नाहीतर रीडिंग खोटं येईल, हे स्वतःच्या हाताने चुकत चुकत केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. टेस्टिंगचा क्रम पण असाच, आधी सप्लाय बंद ठेवून अर्थिंगची कंटिन्युइटी म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही ना, मग इन्सुलेशन, पोलॅरिटी म्हणजे फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत ना, आणि हे सगळं बरोबर आल्यावरच सप्लाय चालू करून लूप आणि आरसीसीबी. आरसीसीबी नुसता पडला का नाही, किती वेळात पडला ते बघायचं, ३० मिलिअँपिअरचा असेल तर ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदाच्या आत आणि पाचपट म्हणजे १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदाच्या आत. माझा क्रम पहिल्या वेळी चुकला. मी कंटिन्युइटी न बघताच सप्लाय दिला आणि तिथेच नापास झालो. वाईट वाटलं, इतकी वर्षं लोक आपल्याला उस्ताद म्हणतात आणि आपण नापास. तीन आठवडे रोज कामावरून येऊन सराव केला, परत गेलो, पास झालो. त्या नापास होण्याने मला जे शिकवलं ते पास होण्याने शिकवलं नाही. ज्या कोर्समध्ये कोणी नापासच होत नाही तिथे फी भरण्याआधी विचार करा, असं मी सगळ्यांना सांगतो.

आता आमच्या बाजूच्या अडचणी, कारण कोर्स चालवणारे आणि नियम करणारे हे पत्र वाचतील अशी आशा आहे. पहिली अडचण पुराव्याची. अनुभव सिद्ध करा म्हणतात. कसा करायचा? ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे मी ११ वर्षं काढली त्याने मला कधी कागदावर घेतलंच नव्हतं, पत्र मागायला गेलो तर आज देतो उद्या देतो, शेवटी दिलंच नाही. भिंतीच्या आत गेलेल्या कामाचे फोटो त्या काळात कोण काढत होतं. माझं नशीब चांगलं की काही घरमालकांनी लिहून दिलं आणि परीक्षकांनी साइटवर येऊन तासभर प्रश्न विचारून खात्री करून घेतली. माझ्या मते हीच खरी पद्धत आहे, अर्धा दिवस काम करताना बघा आणि विचारत राहा, दहा वर्षांच्या पगारपत्रकापेक्षा जास्त कळेल. आणि जे आत्ता या कामात आहेत त्यांना सांगतो, आजपासून फोटो काढा, उघडा बोर्ड, बंद बोर्ड, मीटरचं रीडिंग, तारखेसकट.

दुसरी अडचण रोजंदारीची. आम्ही कोर्सला बसलो तेवढे दिवस घरात पैसे येत नाहीत. म्हणून एकदम तीन आठवडे बोलावण्यापेक्षा आठवड्याचा एक दिवस किंवा संध्याकाळ असं करा, मधल्या दिवसांत माणूस शिकलेलं साइटवर करून बघेल ते वेगळंच.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. माझा एक सहकारी आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठा, कामात माझ्यापेक्षा कितीतरी वरचा, फॉल्ट शोधण्यात मी त्याच्यासारखा दुसरा बघितला नाही. तो माझ्याबरोबरच कोर्सला आला होता. टेस्टिंग त्याने माझ्याआधी आत्मसात केलं, लूपचं गणित तो तोंडी करायचा, २३० भागिले अमुक, उत्तर तयार. पण लेखी पेपर इंग्रजीत होता, लांब लांब वाक्यं, आणि त्याचं शिक्षण चौथीपर्यंत. पेपर समोर आला आणि तो अर्ध्या तासात उठून बाहेर गेला, परत आलाच नाही. मी त्याला खूप समजावलं, पण म्हणाला या वयात पोरांसमोर अजून किती खाली बघू. ज्याला प्रश्न वाचता येत नाही त्याला विषय येत नाही असं कसं ठरवता? त्याला तोंडी विचारा ना, त्याच्या भाषेत विचारा, एकाऐवजी दोन परीक्षक बसवा, रेकॉर्डिंग करा, पण विचारा. नोटीस आणि धोक्याच्या पाट्या वाचण्यापुरतं वाचता यायलाच पाहिजे हे मला मान्य आहे, ते त्याला येतं.

ज्यांच्या घरात-दुकानात आम्ही काम करतो त्यांनाही एक विनंती. सर्टिफिकेट आहे का हे जरूर विचारा, पण काम झाल्यावर रीडिंगचा कागद पण मागा, प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन किती आलं, लूप किती आला, आरसीसीबी किती मिलिसेकंदात पडला. मी आता तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीबी म्हणजे मेन बोर्डाच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवतो. तुम्ही मागायला लागलात की ज्याला मोजता येत नाही तो आपोआप शिकायला जाईल, आणि त्या दोन तासांचे पैसे द्यायला कुरकुर करू नका.

संपादक साहेब, आणखी एक. तोंडी परीक्षेची सोय असलेला, मराठीत शिकवणारा असा फास्ट ट्रॅक कोर्स तुमच्या माहितीत असेल तर पेपरात छापा. माझा तो सहकारी अजून रोज कामावर जातो, मेगर त्याच्या पिशवीत असतो. मी त्याला तयार करीन.

आपला नियमित वाचक,
एक इलेक्ट्रिशियन